सीझन संपेपर्यंत

ऑक्टोबरातल्या शाळेच्या सुट्टीतला सोमवार. एमरिसचा चष्मा हरवला होता, म्हणजे रोजच्यासारखाच, आणि सगळ्या घराला कामाला लावून तो स्वतः खुर्चीत बसून होता. "लोवरी, फ्रिजवर बघ. नाहीतर गाडीत असेल. नाहीतर तूच कुठेतरी आवरून ठेवला असशील." मी ओटची लापशी ढवळत होते. लापशीकडे पाठ केली की ती बुडाला लागते. नवऱ्याकडे केली तर काही बिघडत नाही.

तेवढ्यात दार वाजलं. पुढचं दार. वेल्सच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात ओळखीचं माणूस मागच्या दाराने हाक मारत सरळ चुलीपाशी येतं. पुढचं दार वाजलं की समजायचं, डॉक्टर आले, नाहीतर पाहुणे.

पाहुणेच होते. शेजारच्या घरात शनिवारी उतरलेली ती तरुण बाई, जेम्मा. पायजम्यावर रेनकोट, केस ओले.

"माफ करा हं, इतक्या सकाळी. किल्ली तुमच्याकडूनच घेतली होती ना आम्ही?"

"हो, या ना आत."

"आत नको. मुलं तिकडे आहेत." मग तिने आवाज खाली आणला. "आमच्या घरामागच्या त्या पत्र्याच्या खोलीत कोणीतरी राहतंय."

मी हातातली पळी पुसायला लागले. तिला वाटलं, माझा विश्वास बसला नाही.

"खरंच सांगते. धुराड्यातून धूर येतोय. दोरीवर कपडे वाळत घातलेत. लोकरीचे मोजे, गुडघ्यापर्यंतचे."

"करडे?" आतून एमरिसने विचारलं.

"हो, करडे."

"मग नेस्ता."

"कोण नेस्ता?"

"नेस्ता मिन-अ-डॉन. तुम्ही उतरलात त्याच घरची," एमरिस म्हणाला. त्याच्या मते एवढ्यात सगळं सांगून झालं होतं.

"पण आमच्या घराचं नाव तर सीगल कॉटेज आहे."

"ते तुमच्यापुरतं."

मी आत वळून त्याच्याकडे डोळे वटारले, पण चष्मा नसल्यामुळे त्याला दिसले नसावेत.

"क्रेग म्हणतोय, पोलिसांना फोन करू या," जेम्मा म्हणाली. "बेघर माणूस असलं तर हाकलायचं नाही हो आम्हाला. पण बरोबर लहान मुलं आहेत."

"करा की फोन," एमरिस म्हणाला. "ह्यू येईल. तिच्या सख्ख्या बहिणीचा नातू आहे. येईल आणि चहा पिऊन जाईल."

मी लापशी उतरवली, कोट चढवला आणि तिच्याबरोबर निघाले. ओहोटी होती. वाटेत तिला काय सांगावं ते जुळवत होते. पण घर काही लांब नाही, आणि तीन वर्षं जे कोणाला सांगता आलं नव्हतं ते तेवढ्या अंतरात थोडंच सांगता येणार?

मागच्या अंगणात जेम्माचा नवरा क्रेग हातात फोन धरून उभा होता. नुसताच उभा होता, कारण त्याची दोन्ही मुलं पत्र्याच्या खोलीत जाऊन बसली होती. नेस्तामावशींनी त्यांना स्टुलावर आणि कोळशाच्या डब्यावर बसवलं होतं आणि तव्यावरून उतरलेले मनुकांचे गरम केक त्यांच्या हातांवर ठेवत होत्या. शनिवारी संध्याकाळी पाहुण्यांच्या मागच्या पायरीवर कापडाखाली झाकून ठेवलेले असायचे, तेच हे केक. पाहुण्यांना नेहमी वाटायचं, हे भाड्याबरोबरच येतं.

मला बघितल्यावर मावशी उठल्या. ऐंशी ओलांडलेली बाई, पण पाठ ताठ. चेहरा मात्र शरमेने लाल झालेला.

"लोवरी, चुकलं बाई माझं. काल वारा नव्हता म्हणून मोजे बाहेर घातले. लोकांना दिसतील हे ध्यानातच आलं नाही." मग जेम्माकडे वळून, तिच्या भाषेत, इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द पारखून म्हणाल्या, "माफ करा हं, मॅडम. पुन्हा नाही दिसणार."

जेम्माने माझ्याकडे बघितलं. मी मोज्यांकडे बघितलं.

जे मला वाटेत सांगता आलं नाही, ते असं.

पूर्वी जून उजाडला की आमच्या गावातली घरंच्या घरं मागे सरकायची. पुढचं चांगलं घर पाहुण्यांना द्यायचं आणि आपण मुलाबाळांसकट, कोंबड्यांसकट मागच्या पत्र्याच्या खोलीत जायचं. सगळ्यांचंच तसं. गिरण्यांना आठवडाभराची सुट्टी पडली की गावंच्या गावं आगगाडीत बसून समुद्रावर यायची. पाहुण्यांनी आपापलं लोणी-मटण आणून द्यायचं आणि घरच्या बाईने ते ज्याचं त्याला शिजवून वाढायचं. कोणाचं अंडं कोणाच्या ताटात गेलं तर अख्खा सीझन नाव खराब. आणि एक नियम होता, तो सांगावा लागत नसे. घर दिलं म्हणजे दिलं. पाहुणे गेल्याशिवाय घरच्यांनी उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, पाहुण्यांच्या नजरेला पडायचं नाही, मोठ्याने भांडायचंसुद्धा नाही. मावशी सांगायच्या, त्यांना लहानपणी वाटे, जगात सगळ्यांनाच दोन घरं असतात, एक थंडीचं आणि एक उन्हाळ्याचं.

मग सप्टेंबर यायचा. शेवटची गाडी पाहुण्यांना घेऊन जायची. मावशींची आई सगळ्या खिडक्या सताड उघडायची, फरश्या घासायची आणि संध्याकाळी घर पुन्हा आपलं व्हायचं. त्या एका संध्याकाळसाठी उन्हाळाभराचं मागे राहणं सोसायचं, असा तो हिशेब.

त्याच घरात मावशी जन्मल्या. लग्नही असं केलं की घर सोडावं लागू नये. इद्वालकाकांनाच त्यांनी घरी आणलं. काका समुद्रात शेवंड पकडायच्या टोपल्या टाकायचे. लोक त्यांना इद्वाल मिन-अ-डॉन म्हणायला लागले आणि त्यांना त्याचं कधी काही वाटलं नाही. आमच्याकडे माणूस आडनावाने ओळखला जात नाही. निम्मं गाव जोन्स, त्यात कोणाला काय हाक मारणार? माणूस घराच्या नावाने ओळखला जातो. काका गेले तेव्हा मावशींनी घर मुलाच्या, गेथिनच्या, नावावर करून दिलं. "एकुलता एक आहे. आज काय नि उद्या काय," एवढंच म्हणाल्या.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात गेथिन कार्डिफहून आला. त्याचं लग्न मोडलं होतं. दोन मुलं एक आठवडा याच्याकडे, एक आठवडा तिच्याकडे, अशी वाटली गेली होती आणि छप्पर दोन्हीकडे लागत होतं. तो म्हणाला, "आई, एकच सीझन देऊ या घर. आजी द्यायची ना, तसं. तू मागे राहशील का?"

मावशी हसल्या होत्या. मी तिथेच होते. "त्यात विचारायचं काय मेल्या? मी अर्धा जन्म मागेच काढलाय. पत्रा तेवढा रंगवून दे."

चूक झाली ती इथे. असली चूक आमच्याच गावच्या माणसाच्या हातून व्हावी, कारण दुसऱ्या कोणी आधी विचारलं असतं, सीझन म्हणजे कधीपर्यंत? मावशींना ते विचारायचं सुचलंच नाही. पाऊस कधी थांबेल असं कोणी विचारतं, पण सप्टेंबर येईल का असं कोणी विचारत नाही.

सप्टेंबर आला. पाहुणे काही गेले नाहीत. एक गेले की दुसरे येत. शाळा उघडल्यावर निवृत्त जोडपी आली, कुत्री घेऊन. मग ऑक्टोबरची सुट्टी. मग नाताळ. भाड्याचं काम बघणाऱ्या कंपनीच्या बाईने घरात लाकडं जाळायची शेगडी बसवली आणि जानेवारीतही माणसं यायला लागली, वादळ बघायला. वादळ बघायला लोक भाडं देऊन येतात हे इद्वालकाकांनी ऐकलं असतं, तर जन्मभर वादळाला घातलेल्या शिव्या त्यांनी परत घेतल्या असत्या की आणखी दोन घातल्या असत्या, कोण जाणे.

शनिवारी चादरी बदलायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे पुढचे कोणते आठवडे भरलेत हे मला आधीच कळतं. मावशींनी मला ते कधीच विचारलं नाही. त्या फक्त संध्याकाळी खिडक्यांकडे बघत. गेल्या जानेवारीत एक आठवडा रिकामा निघाला होता. घरात दिवा लागला नाही. तिसऱ्या दिवशी मावशींनी पिशवी भरली, उशी काखेत घेतली आणि मागच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. मी माझ्या खिडकीतून बघत होते. "देवा, जाऊ दे तिला आत," असं म्हणतही होते. तेवढ्यात पुढे गाडी थांबली. कोणीतरी ऐन वेळी घर घेतलं होतं. मावशी उशी घेऊन जशा आल्या तशा परत गेल्या. दुसऱ्या दिवशी मला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "यंदा सीझन जरा लांबला, नाही?"

मी "हो" म्हणाले. आणखी काय म्हणणार होते?

एमरिसला मी कितीदा म्हटलं, सांगून टाक तिला एकदा. तुझी थोरली चुलतबहीण आहे.

"काय सांगू?"

"की सीझन संपायचा नाही."

"तिला कळत नाही असं वाटतं तुला?" तो म्हणाला. "आपण सांगितलं की तिला कळल्यासारखं वागावं लागेल. मग ती राहील कुठे?"

तर असं सगळं. ह्यातलं जेवढं जमलं तेवढं मी जेम्माला अंगणातच सांगितलं, भिंतीआड, हळू आवाजात. ती ऐकता ऐकता रडायला लागली. मनाची फार चांगली मुलगी. पुढे जे झालं त्याचं मूळही तिच्या चांगुलपणातच आहे, म्हणून तिला बोलही लावता येत नाही.

"म्हणजे आम्ही त्यांच्या घरात राहतोय आणि त्या इथे? पाणी कुठून आणतात?"

"अंगणातला नळ आहे."

"आणि बाथरूम?"

"मागे आहे. जुनं."

"मी त्यांना आज जेवायला बोलावते," जेम्मा म्हणाली आणि मी काही म्हणायच्या आत बोलावूनही आली.

मावशी दुपारी माझ्याकडे आल्या, मागच्या दाराने. खुर्चीवर बसल्या नाहीत.

"जाऊ का गं?"

"जा ना मावशी. प्रेमाने बोलावलंय."

"पाहुणे असताना आत जायचं नसतं."

"पण पाहुण्यांनीच बोलावलं तर?"

ह्या प्रश्नाला जुन्या नियमात उत्तर नव्हतं. त्या ओट्याला टेकल्या. "आईने काय केलं असतं?" असं एकदा पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "तूही चल. एकटीला मला सुधरायचं नाही."

संध्याकाळी त्या चॅपलला घालायचा निळा कोट आणि टोपी घालून आल्या. हातात केकचं ताट. मी सवयीने मागच्या वाटेला वळले तर म्हणाल्या, "पुढून. जेवायला बोलावलेलं माणूस पुढून जातं." आणि आपल्या घराच्या पुढच्या दाराशी उभं राहून त्यांनी आपल्या हाताने कडी वाजवली. दार उघडेपर्यंत टोपी सारखी केली.

पुढच्या खोलीत टेबल मांडलं होतं. आमच्याकडे पुढची खोली म्हणजे पाद्री आला तर उघडायची, एरवी बंद. मावशी त्या खोलीत जन्मात कधी जेवल्या नव्हत्या. आता तिथे खुर्च्यांच्या पाठीवर पोहण्याचे ओले टॉवेल होते आणि भिंतीवर दोरखंड गुंडाळलेला एक नांगर टांगलेला होता. कोपऱ्यात जुन्या घाटाचं काचेचं कपाट, त्यात निळ्या नक्षीच्या बशा. कंपनीच्या बाईने कुठल्याशा लिलावातून आणून मांडलेलं. तिच्या जाहिरातीत 'अस्सल जुनं वेल्श घर' असं लिहिलेलं असतं.

"किती सुंदर जुन्या वस्तू आहेत तुमच्या," जेम्माचा नवरा म्हणाला. सकाळच्या पोलिसांच्या गोष्टीची भरपाई म्हणून तो फार गोड बोलत होता.

"छान आहेत," मावशी म्हणाल्या. मग माझ्या कानाशी, "हा नांगर कोणाच्या बोटीचा गं? एवढ्या मोठ्या नांगराने इद्वालची बोट बुडाली असती."

मला हसू आवरेना. त्यांनाही आवरलं नसावं. त्या संध्याकाळी हसलो ते तेवढंच.

जेवण चांगलं होतं. मावशींनी सगळं थोडं थोडं घेतलं, पाव मागून घेतला नाही, मीठ पुढे केलं तेव्हाच घेतलं. जेवण झाल्यावर धाकटी मुलगी त्यांचा हात धरून म्हणाली, "चल, तुला आमचं घर दाखवते."

जेम्मा म्हणाली, "अगं..."

"दाखव बाळ," मावशी म्हणाल्या.

मुलीने सगळं घर दाखवलं. ही बाथरूम, इथे पाणी एकदम गरम येतं, सांभाळ. ही आईबाबांची खोली, इथून समुद्र दिसतो. ही आमची खोली, रात्री खिडकी वाजते, पण घाबरायचं नाही. मी जिन्याखाली उभी होते. वरून मावशींचा आवाज येत होता, "हो का? अरे वा. हो का?" त्या एकदाही म्हणाल्या नाहीत की ती खिडकी का वाजते हे त्यांना माहीत आहे.

खाली आल्यावर त्या ताटं गोळा करायला लागल्या. जेम्माने त्यांच्या हातातून ताटं काढून घेतली. "तुम्ही मुळीच हात लावायचा नाही. आज तुम्ही पाहुण्या!"

मावशींचे हात तसेच टेबलावर राहिले. रिकामे हात कुठे ठेवावेत हे त्या घरात त्यांना प्रथमच कळत नव्हतं.

निघताना पुढच्या दारात त्यांनी जेम्माचा हात हातात घेतला. "छान आहे हं घर तुमचं," म्हणाल्या. बाकी काही नाही.

शनिवारी पाहुणे गेले. जेम्माने मावशींना मिठी मारली, मुलांनी मारली, नवऱ्यानेही अवघडून मारली. जाताना जेम्मा माझ्या कानात म्हणाली, "काळजी करू नका. मी काहीतरी करणार आहे."

"काय करणार आहात?"

"बघालच."

तिने घरी पोचल्या पोचल्या कंपनीला फोन लावला. तक्रार केली नाही हो. उलट, ऐंशी वर्षांची बाई तुमच्या घरामागे पत्र्याखाली राहते, निदान एक हीटर द्या, एक संडास नीट बांधून द्या, भाडं थोडं वाढवलं तरी लोक देतील, असं पोटतिडकीने सांगितलं. तिच्याच तोंडून मला हे कळलं. चार दिवसांनी तिने मला आनंदाने फोन केला, हीटर आला का विचारायला.

हीटर आला नव्हता. गेथिन आला होता.

कंपनीला आजवर हे माहीतच नव्हतं. त्यांनी त्याला सांगितलं, भाड्याच्या जागेत मागे कोणी राहता कामा नये. विम्यात बसत नाही. खोली रिकामी करा, नाहीतर घर आमच्या यादीतून काढतो.

गेथिन पत्र्याच्या खोलीत खाली वाकून बसला होता. उभा राहिला तर डोकं लागतं. मी चहा घेऊन गेले आणि परत निघाले, तर मावशी म्हणाल्या, "बस तू." म्हणून बसले. बाहेर पाऊस होता. पत्र्यावर आवाज इतका, की जरा मोठ्यानेच बोलावं लागत होतं, आणि ते बोलणं मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं.

"आई, तुला इथे थंडी वाजते."

"वाजते. मग?"

"मी जवळच्या शहरात एक जागा बघितलीय. वयस्कर लोकांसाठीचे फ्लॅट आहेत. खाली औषधांचं दुकान. गरम पाणी, लिफ्ट, सगळं आहे. खिडकीतून बसस्टँड दिसतो. वर्दळ असते."

"बसस्टँड बघून मी काय करू?"

"आई..."

"ऑक्टोबर संपला, गेथिन. मी आत कधी जाऊ?"

तो कप दोन्ही हातांनी धरून त्यात बघत राहिला. चाळिशी उलटलेला माणूस, पण त्या क्षणी शाळेत मार खाऊन आलेल्या पोरासारखा दिसत होता.

"नाताळला लोक आहेत," शेवटी म्हणाला.

"त्यानंतर?"

"फेब्रुवारीत सुट्टी असते शाळांना. मग ईस्टर."

"त्यानंतर उन्हाळा. ते मला माहीत आहे. मधे?"

"मधेही येतात लोक, आई. आता येतात."

"मग सीझन संपतो कधी?"

पाऊस जरा कमी झाला होता. त्यामुळे त्याचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

"आता सीझन संपत नाही, आई."

तीन वर्षं जे वाक्य गावात कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं, ते निघालं. मला वाटलं, मावशी आता बोलतील, रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, गेथिनलाही बरं वाटलं असतं. त्या उठल्या, चुलीत कोळसा टाकला आणि पुन्हा बसल्या.

"मुलं कशी आहेत?" त्यांनी विचारलं.

"बरी आहेत. थोरल्याचे दात बसवायचेत तारेने."

"लहानपणी तुझेही पुढे होते."

"आई, घर भाड्यातून सोडवता आलं असतं तर मी..." त्याने कप खाली ठेवला. "बघितलं मी सगळ्या बाजूंनी. हे घर आहे म्हणून तिकडचं चाललंय. ते थांबवलं तर मुलांना मी ठेवू कुठे?"

"मी म्हटलं का काही तुला?"

"म्हण ना. निदान म्हण तरी काही."

"चहा निवतोय तुझा," मावशी म्हणाल्या.

मी त्याच्याकडे बघत होते. ह्या पोराला मी शाळेत जाताना बघितलंय, काकांबरोबर टोपल्या ओढताना बघितलंय. त्याच्या अंगावर ओरडावंसं मला वाटत होतं आणि ओरडायला शब्द मिळत नव्हते. कोणाला पकडावं? जेम्माला? तिने हीटर मागितला होता. कंपनीच्या बाईला? तिने नियम सांगितला. मी स्वतः दर शनिवारी त्या गाद्यांवर नव्या चादरी ताणून घालते आणि कोपरे इतके नीट दुमडते, की पाहुणे पुन्हा यावेत. आम्हा सगळ्यांचे हात त्या घराला लागले होते, आणि एकाच्याही हातात काही नव्हतं.

शुक्रवारी न्यायचं ठरलं. सामान असं फार नव्हतंच. तवा, घड्याळ, काकांचा फोटो, दोन पेट्या. एमरिस मदतीला गेला आणि प्रत्येक पेटी उचलताना तिच्या वजनाबद्दल तक्रार करत राहिला. "नेस्ता, दगड भरलेस की काय?"

"तुझ्यासारखे दोन-चार भरलेत," मावशी म्हणाल्या.

"मग जड नाही व्हायची. मी डोक्याने हलकाय."

"ते गावाला माहीत आहे."

गेथिन गाडीत पेट्या बसवत होता. घरात उजेड होता. आठवड्याचे पाहुणे, एक म्हातारं जोडपं, पुढच्या खोलीत कोडं सोडवत बसलं होतं. त्यांना काही दिसू नये म्हणून मावशींनी सगळं सामान भिंतीच्या आडून, कोळशाच्या बाजूने न्यायला लावलं. मग त्या माझ्या मागच्या दाराने आत आल्या. कोट घातलेला, टोपी हातात. मी ओट्यावर केकच्या पिठाचा गोळा लाटत होते. हात धुवायला निघाले तर म्हणाल्या, "असू दे, काम चालू दे." म्हणून मी लाटत राहिले. खरं तर तो गोळा केव्हाच लाटून झाला होता.

"एमरिस सांगत होता, शहरातून इकडे दर शनिवारी बस असते," मी म्हणाले. "मी येत जाईन मावशी. नाहीतर तुम्ही या. इथे या, राहा आमच्याकडे रात्रभर."

"येईन."

"थंडीचं जपा तिकडे."

"गरम पाणी आहे म्हणे." त्या टोपीची कडा बोटांनी फिरवत होत्या. "लोवरी, एक विचारायचं होतं. तुला अडचण होत असेल तर नाही म्हण."

"विचारा ना."

"शनिवारी सकाळी एक पाहुणे जातात, आणि दुपारी दुसरे येतात. मधे तू चादरी बदलतेस."

"हो."

"त्या मधल्या वेळात मला आत येऊन बसू दे. स्वयंपाकघरात, खुर्चीवर. कशाला हात लावणार नाही. ते यायच्या आत मी निघेन."